रक्तदान आणि रक्तसंक्रमण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रक्तपेढीत दोन प्रकारची माणसे येतात : रक्त द्यायला आलेली आणि ज्यांच्या माणसाला रक्त हवे आहे अशी. पहिल्यांचे प्रश्न बहुधा सुईपासून सुरू होतात आणि दुसऱ्यांचे पिशवीपासून. खाली दोघांचेही प्रश्न एकत्र घेतले आहेत, कारण एकाच्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा दुसऱ्याच्या प्रश्नात दडलेले असते. ही माहिती सर्वसाधारण आहे. वयाची मर्यादा, दोन दानांमधले अंतर यांसारखे नियम देशागणिक थोडेफार वेगळे असतात आणि प्रत्यक्ष उपचारांचा निर्णय रुग्णाला तपासणाऱ्या डॉक्टरांचाच असतो.

एका वेळी किती रक्त घेतात आणि ते कधी भरून येते?

प्रौढ माणसाच्या शरीरात वजनाच्या दर किलोमागे सुमारे ७० मिलिलिटर, म्हणजे साधारण पाच लिटर रक्त असते. त्यातून दात्याच्या वजनानुसार ३५० किंवा ४५० मिलिलिटर रक्त घेतले जाते आणि तपासणीसाठी त्याबरोबरच काही मिलिलिटर नमुना वेगळा काढला जातो. भरून येण्याचे मात्र एकच उत्तर नाही, कारण रक्तातला प्रत्येक घटक आपापल्या गतीने परत येतो. रक्तातला द्रवभाग, म्हणजे प्लाझ्मा, पुरेसे पाणी पोटात गेले की एक-दोन दिवसांत पूर्ववत होतो. तांबड्या पेशींना चार ते आठ आठवडे लागतात. सर्वांत मागे राहते ते लोह, आणि दात्यांना नेमके तेच सांगितले जात नाही.

हिशेब साधा आहे. एक ग्रॅम हिमोग्लोबिनमध्ये सुमारे ३.४ मिलिग्रॅम लोह असते. दात्याचे हिमोग्लोबिन डेसिलिटरमागे १४ ग्रॅम असेल तर ४५० मिलिलिटर रक्ताबरोबर ६३ ग्रॅम हिमोग्लोबिन, म्हणजे दोनशे मिलिग्रॅमहून थोडे अधिक लोह बाहेर जाते. आतड्यांतून रोज शोषले जाणारे लोह एरवी जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम असते आणि तेवढेच रोजच्या झिजेत खर्चही होते. गरज वाढली की शरीर शोषण वाढवते खरे, पण साठा पुरता भरायला कित्येक महिने जाऊ शकतात. दोन दानांमध्ये अंतर ठेवायला सांगतात ते यासाठीच. हे अंतर बहुतेक देशांत आठ ते सोळा आठवड्यांचे असते आणि मासिक पाळीतून लोह जात असल्यामुळे काही देशांत स्त्रियांसाठी ते अधिक ठेवलेले असते. जे नियमाने रक्त देतात त्यांनी हिमोग्लोबिनवर समाधान न मानता अधूनमधून फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा दाखवणारे रक्तातले प्रथिन, तपासून घ्यावे, असे माझे मत आहे. हिमोग्लोबिन व्यवस्थित दिसत असतानाही लोहाचा साठा तळाशी गेलेला असू शकतो.

रक्त दिल्यावर अशक्तपणा येतो का? चक्कर कशामुळे येते?

बहुतेकांना काहीही होत नाही. ज्यांना चक्कर येते, त्यांच्यात रक्त कमी झाल्यापेक्षा मज्जातंतूंच्या प्रतिक्रियेचा वाटा मोठा असतो : भीतीने, वेदनेने किंवा नुसते रक्त पाहून नाडी मंदावते, रक्तदाब उतरतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. काही जणांना तर सुई टोचण्याआधीच घेरी येते. पहिल्यांदा रक्त देणारे, वयाने तरुण आणि वजनाने हलके असलेले दाते यांत जास्त असतात. दानाआधी अर्धा लिटर पाणी पिणे, उपाशीपोटी न येणे, रक्त वाहत असताना पायांचे स्नायू आवळून सैल सोडणे आणि नंतर दहा-पंधरा मिनिटे तिथेच बसून राहणे, एवढ्याने हा त्रास बराच टळतो. खुर्चीवरून चटकन उठून घाईने निघून जाणारा दाता आम्हा रक्तपेढीतल्या लोकांना सर्वांत काळजीचा वाटतो. त्या दिवशी जड वजन उचलू नये आणि जिथे तोल जाणे धोक्याचे ठरेल अशा उंचीवरच्या कामाला हात घालू नये.

हिमोग्लोबिन कमी म्हणून मला परत पाठवले. मला आजार आहे का?

असेलच असे नाही. दात्यासाठीची मर्यादा, जी पुष्कळ ठिकाणी डेसिलिटरमागे १२.५ ग्रॅम असते, ती दात्याला जपण्यासाठी ठेवलेली आहे. ती निरोगी आणि आजारी यांच्यामधली रेघ नव्हे. तरी ही सूचना वाया घालवू नये. पुरुषाचे किंवा पाळी थांबलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन कारणाशिवाय घसरत असेल तर पोटातून किंवा आतड्यांतून हळूहळू रक्त जात नाही ना, हे पाहावेच लागते.

सगळ्या तपासण्या होतातच, तर मग इतके खासगी प्रश्न कशाला विचारता?

कारण तपासणीला आंधळी जागा असते. दान केलेल्या प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी आणि सिफिलिस यांसाठी, तसेच स्थानिक गरजेप्रमाणे मलेरिया व इतर रोगांसाठी तपासणी होते. पण विषाणू शरीरात शिरल्यापासून तो तपासणीत दिसेपर्यंत काही काळ जातो, आणि त्या काळात अहवाल निर्दोष येतो, रक्त मात्र संसर्ग देऊ शकते. यालाच विंडो पीरियड म्हणतात. एचआयव्हीच्या बाबतीत परक्या गोष्टीविरुद्ध शरीराने तयार केलेल्या प्रथिनांवर, म्हणजे प्रतिपिंडांवर, आधारलेल्या तपासणीत तो सरासरी तीन आठवड्यांचा असतो. विषाणूचे जनुकीय द्रव्य थेट शोधणाऱ्या, नॅट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तपासणीने तो दहा दिवसांच्या आसपास येतो. तो शून्य होत नाही. हे उरलेले दिवस यंत्राने झाकता येत नाहीत. ते दात्याच्या खऱ्या उत्तरानेच झाकले जातात.

म्हणूनच नुकतेच गोंदवून घेतलेल्या, असुरक्षित शरीरसंबंध आलेल्या किंवा मलेरियाच्या भागातून परतलेल्या माणसाला काही काळ थांबायला सांगतात. हा त्याच्या चारित्र्यावर शेरा नसतो. तसेच, आपल्याला काही संसर्ग झाला आहे का हे फुकटात कळावे म्हणून रक्तदानाला येणे हा सर्वांत घातक मार्ग आहे. त्यासाठी वेगळी तपासणी केंद्रे असतात आणि तिथे जाण्यात दुसऱ्या कोणाचा जीव गुंतलेला नसतो.

माझ्या रक्ताचे पुढे काय होते?

पिशवीत आधीपासूनच सायट्रेट असते. रक्त गोठण्यासाठी कॅल्शियम लागते आणि सायट्रेट त्याला बांधून ठेवते, म्हणून रक्त पातळ राहते. ही युक्ती १९१४-१५ च्या सुमारास हाती आली. त्याआधी दाता आणि रुग्ण यांना शेजारी शेजारी झोपवून रक्त थेट एकाच्या शरीरातून दुसऱ्याच्या शरीरात सोडावे लागे. रक्त साठवता येऊ लागले, तेव्हाच पेढी ही कल्पना शक्य झाली आणि १९३७ साली शिकागोच्या कुक काउंटी रुग्णालयात बर्नार्ड फँटस यांनी तिला 'ब्लड बँक' हे नाव दिले.

आज पिशवी सेंट्रिफ्यूज या वेगाने गरगरवणाऱ्या यंत्रात फिरवून घटक वेगळे केले जातात. फिरवून बाहेर काढलेली पिशवी पाहण्यासारखी असते : तळाला गडद तांबडा थर, वर गवती-पिवळा प्लाझ्मा आणि दोहोंच्या मध्ये सायीसारखी एक पांढुरकी चकती, ज्यात पांढऱ्या पेशी आणि रक्तस्राव थांबवायला मदत करणाऱ्या प्लेटलेट्स असतात. यातले तिन्ही घटक वेगवेगळ्या हवामानाचे रहिवासी आहेत. तांबड्या पेशी २ ते ६ अंश सेल्सिअसला ठेवतात आणि वापरलेल्या द्रावणाप्रमाणे ३५ किंवा ४२ दिवस टिकतात. प्लाझ्मा गोठवला की अनेक महिने राहतो. प्लेटलेट्सना थंडी सोसत नाही. त्या २० ते २४ अंशांना, सतत हलत्या ट्रेवर, साधारण पाच दिवस टिकतात. चांगल्या प्लेटलेट्सची पिशवी प्रकाशासमोर धरून हलकेच हलवली तर आत धुरासारखे, झिरझिरीत रेशमासारखे भोवरे फिरताना दिसतात, कारण चपट्या पेशी प्रकाश परतवतात. पेशी खराब होऊन गोल झाल्या की हे भोवरे नाहीसे होतात. इतक्या यंत्रांच्या गर्दीत नुसत्या डोळ्यांनी करायची ही तपासणी अजून टिकून आहे, याचे मला नेहमी बरे वाटते.

रक्तगट म्हणजे नेमके काय?

तांबड्या पेशीच्या पृष्ठभागावर साखरेच्या आणि प्रथिनांच्या काही खुणा असतात, त्यांना प्रतिजन म्हणतात. व्हिएन्नात कार्ल लँडस्टायनर यांनी आपल्या सहकाऱ्यांच्या रक्तातला द्रव आणि पेशी एकमेकांत मिसळून पाहिल्या, तेव्हा काही मिश्रणांत पेशींच्या गुठळ्या झाल्या आणि काहींत झाल्या नाहीत. १९०१ साली त्यांनी यावरून तीन गट मांडले. एबी हा चौथा गट पुढच्या वर्षी त्यांच्या सहकाऱ्यांना सापडला. या कामासाठी लँडस्टायनर यांना १९३० चे नोबेल पारितोषिक मिळाले आणि १४ जून हा त्यांचा जन्मदिवस आज जागतिक रक्तदाता दिन म्हणून पाळला जातो.

ए गटाच्या पेशीवर ए प्रतिजन असतो आणि त्या माणसाच्या प्लाझ्मात बी प्रतिजनाविरुद्ध प्रतिपिंडे असतात. बी गटात याच्या उलट. एबी गटात दोन्ही प्रतिजन असतात, म्हणून प्रतिपिंड एकही नसते, आणि ओ गटात एकही प्रतिजन नसतो, म्हणून प्रतिपिंडे दोन्ही असतात. या प्रतिपिंडांचे वैशिष्ट्य हे की ती आयुष्यात कधीही परके रक्त न घेता, जन्मानंतरच्या पहिल्या काही महिन्यांतच तयार होऊ लागतात. एबीओ गटाची चूक पहिल्याच वेळी जीवघेणी ठरू शकते ती याच कारणाने. आरएच गटातल्या डी प्रतिजनाचे तसे नसते. (हा प्रतिजन असेल तर गट पॉझिटिव्ह, नसेल तर निगेटिव्ह.) तो नसलेल्या माणसाचे शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे करते ते बहुधा एकदा त्याच्याशी गाठ पडल्यावरच. याशिवाय केल, डफी, किड अशा चाळीसहून अधिक रक्तगट प्रणाली ठाऊक आहेत, पण एरवी त्यांची आठवण कोणाला होत नाही. वारंवार रक्त लागणाऱ्या रुग्णाला मात्र त्याच नडतात.

ओ निगेटिव्ह रक्त सर्वांना चालते, हे खरे का?

तांबड्या पेशींपुरते, आणि तेही बव्हंशी, खरे आहे. अपघातात रुग्णाचा गट पाहायलाही वेळ नसेल तेव्हा ओ निगेटिव्ह पेशी देतात. प्लाझ्माच्या बाबतीत सगळे गणित उलटे होते : ओ गटाच्या प्लाझ्मात दोन्ही प्रतिपिंडे असल्याने तो ओ गटाच्या रुग्णांनाच देतात आणि एबी गटाचा प्लाझ्मा कोणालाही चालतो. 'सर्वदाता' आणि 'सर्वग्राही' हे शब्द शाळेत पाठ होतात, पण कोणत्या घटकाबद्दल बोलतो आहोत हे सांगितल्याशिवाय त्यांना अर्थ नाही. शिवाय ओ निगेटिव्ह माणसाला स्वतःला मात्र ओ निगेटिव्हच लागते, म्हणून हा साठा जपून, मुख्यतः मुले आणि बाळंतपणाच्या वयातल्या स्त्रिया यांच्यासाठी राखून वापरावा लागतो.

बॉम्बे रक्तगट म्हणजे काय?

१९५२ साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे रक्त वर्णन केले की जे ओ गटासारखे दिसे, पण ओ गटाच्या पेशींशीही जुळत नसे. ए आणि बी या खुणा पेशीवर थेट बसत नाहीत. त्या एच नावाच्या पायावर उभारल्या जातात. ओ गटात वरचे बांधकाम नसते, पण पाया असतो. बॉम्बे गटात पायाच नसतो आणि प्लाझ्मात त्या पायाविरुद्धच प्रतिपिंडे असतात. म्हणून या माणसाला ओ गटाचे रक्तसुद्धा चालत नाही. दुसऱ्या बॉम्बे गटाच्या दात्याचेच लागते. युरोपात हा गट दहा लाखांत एखाद्यात आढळतो, तर भारतात तो साधारण दहा हजारांत एकात सापडतो असे मानले जाते.

केवळ पेशी तपासल्या तर हा गट ओ म्हणून निसटून जातो. पेशींबरोबरच प्लाझ्माही तपासून दोन्ही उत्तरे जुळवायची, हा नियम किती मोलाचा आहे ते इथे कळते. तुमचा गट बॉम्बे असल्याचे निष्पन्न झाले असेल तर दुर्मीळ दात्यांच्या नोंदवहीत नाव घालावे आणि सख्ख्या भावंडांनीही तपासणी करून घ्यावी, कारण तोच गट त्यांच्यात सापडण्याची शक्यता बाहेरच्यांपेक्षा पुष्कळ जास्त असते.

आई निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असेल तर काय होते?

पहिल्या बाळंतपणात बहुधा काही होत नाही, पण प्रसूतीच्या वेळी बाळाच्या थोड्या पेशी आईच्या रक्तात मिसळल्या तर तिचे शरीर डी प्रतिजनाविरुद्ध प्रतिपिंडे तयार करू शकते. पुढच्या गर्भाचा गट पॉझिटिव्ह असेल तर ती वारेतून पलीकडे जाऊन त्याच्या तांबड्या पेशी फोडतात. गर्भारपणाच्या साधारण २८ व्या आठवड्यात आणि बाळ पॉझिटिव्ह निघाल्यास प्रसूतीनंतर ७२ तासांच्या आत अँटी-डी इंजेक्शन दिले की हे टळते. गर्भपात झाला तरी त्याची गरज आहे का, हे डॉक्टरांना विचारावे. ते विसरले जाते.

हे औषध मुख्यतः माणसांच्याच प्लाझ्मातून मिळवले जाते. ऑस्ट्रेलियाचे जेम्स हॅरिसन यांच्या प्लाझ्मात ही प्रतिपिंडे भरपूर होती. त्यांनी १९५४ पासून २०१८ पर्यंत, वयाच्या ८१ व्या वर्षापर्यंत, ११०० हून अधिक वेळा दान केले.

रुग्णाचा रक्तगट आम्हाला माहीत आहे. मग पुन्हा नमुना कशाला?

हा प्रश्न बहुतेक वेळा रागाने विचारला जातो आणि तो राग समजण्यासारखा आहे. तरीही कुणाच्या सांगण्यावरून किंवा जुन्या कार्डावरून रक्त दिले जात नाही. ताज्या नमुन्यावर गट पुन्हा पाहतात, अनपेक्षित प्रतिपिंडे शोधतात आणि मग क्रॉसमॅच करतात, म्हणजे दात्याच्या पेशी आणि रुग्णाचा प्लाझ्मा किंवा सीरम नळीत एकत्र आणून प्रत्यक्ष भांडण होते का ते पाहतात. नळी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून काढल्यावर तळाशी पेशींचे एक लहानसे बटण बसलेले असते. नळी बोटांत धरून अलगद हलवायची. रक्त जुळत असेल तर ते बटण धुराच्या रेघांसारखे सुटत जाऊन द्रव सारखा लालसर होतो. जुळत नसेल तर दाणे दाणे, कधी एकच घट्ट गोळा, स्वच्छ पाण्यात तरंगत राहतो. गेल्या तीन महिन्यांत रक्त घेतलेल्या किंवा गरोदर असलेल्या रुग्णाचा नमुना सहसा तीन दिवसांपेक्षा जुना चालत नाही, कारण एवढ्या काळात नवी प्रतिपिंडे डोके वर काढू शकतात.

पण खरे सांगायचे तर गटाची जीवघेणी चूक प्रयोगशाळेतल्या नळीत क्वचितच होते. ती होते रुग्णाच्या खाटेशी : एकाचे रक्त काढून नळीवर दुसऱ्याचे नाव लिहिले जाते, किंवा बरोबर तयार केलेली पिशवी शेजारच्या खाटेवरच्या त्याच आडनावाच्या माणसाला लावली जाते. म्हणून नळीवरचे नाव खाटेपाशीच, रक्त काढल्याबरोबर लिहायचे असते. नमुन्यावरच्या नोंदीत एका अक्षराचा फरक असला तरी रक्तपेढी तो नमुना परत करते आणि हा अडेलतट्टूपणा वाटतो. कृपया त्या वेळी वाद घालू नका. रुग्णाचे नातेवाईक म्हणून तुम्हीही एक गोष्ट करू शकता : पिशवी लावण्याआधी परिचारिका किंवा डॉक्टर रुग्णाला त्याचे पूर्ण नाव विचारून ते, नोंदणी क्रमांक आणि रक्तगट पिशवीवरच्या चिठ्ठीशी ताडून पाहत आहेत ना, याकडे लक्ष ठेवा.

रक्त चढवताना पिशवी गरम पाण्यात ठेवून कोमट करावी का?

मुळीच नाही. जास्त उष्णतेने पेशी फुटतात. नेहमीच्या गतीने दिले जाणारे रक्त थंड असले तरी चालते. मोठ्या प्रमाणात, वेगाने द्यायचे असेल तेव्हा त्यासाठी खास यंत्र वापरतात. तांबड्या पेशींची पिशवी फ्रिजबाहेर काढल्यापासून चार तासांच्या आत संपवायची असते, नाहीतर त्यात जंतू वाढण्याचा धोका असतो. त्याच नळीतून नॉर्मल सलाईनशिवाय दुसरे काही देत नाहीत, कारण ग्लुकोजच्या पाण्यात पेशी फुगून फुटतात आणि कॅल्शियम असलेल्या द्रावणात गुठळ्या होऊ शकतात.

रक्त घेताना कोणते त्रास होऊ शकतात?

थोडा ताप, हुडहुडी किंवा अंगावर पित्त उठणे हे त्रास अधूनमधून दिसतात आणि ते सहसा आटोक्यात येतात. गट चुकल्याची लक्षणे वेगळी असतात : अचानक ताप आणि थंडी, कंबरेत किंवा छातीत दुखणे, सुई लावलेल्या शिरेत आग होणे, जिवाची विलक्षण घालमेल, पुढे लघवी गडद लाल होणे. हे पहिल्या काही मिलिलिटरमध्येही सुरू होऊ शकते, म्हणून पहिली पंधरा मिनिटे रक्त सावकाश सोडून कोणीतरी जवळ थांबायचे असते. अशा वेळी पहिली कृती एकच : रक्त थांबवणे. पिशवी फेकून देऊ नये, तपासणीसाठी ती रक्तपेढीत परत जाते.

लोक संसर्गाला घाबरतात, पण ज्या देशांत अशा घटनांची काटेकोर नोंद ठेवली जाते तिथे रक्तसंक्रमणाशी जोडलेल्या मृत्यूंमागे फुप्फुसांचे त्रास हे एक प्रमुख कारण दिसते. वयस्कर किंवा हृदय कमकुवत असलेल्या रुग्णाला भराभर रक्त दिले की शरीरावर पाण्याचा भार पडून दम लागतो. हा त्रास बराचसा टाळता येण्याजोगा असतो : एक पिशवी, तीही सावकाश, आणि मग पुन्हा रुग्णाकडे पाहणे.

खूप अशक्तपणा आहे. एखादी पिशवी रक्त लावून घेतले तर ताकद येईल का?

रक्त हे टॉनिक नव्हे. प्रौढ माणसाला तांबड्या पेशींची एक पिशवी दिली तर हिमोग्लोबिन डेसिलिटरमागे साधारण एक ग्रॅमने वाढते. अशक्तपणाचे मूळ कारण लोहाची कमतरता असेल तर ते तसेच राहते आणि काही आठवड्यांत रुग्ण होता तिथे येतो. १९९९ साली कॅनडातल्या अतिदक्षता विभागांतल्या ८३८ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. हिमोग्लोबिन ७ ग्रॅमखाली गेल्यावरच ज्यांना रक्त दिले ते रुग्ण, १० ग्रॅमखाली जाताच रक्त मिळालेल्यांच्या तुलनेत, निदान तितकेच चांगले राहिले. त्यानंतर ७ ग्रॅम ही स्थिर रुग्णासाठीची सर्वसाधारण मर्यादा झाली. हृदयविकार असेल तर ती थोडी वर, ८ ग्रॅमच्या आसपास ठेवतात. अर्थात समोर धो धो रक्त वाहत असेल तेव्हा आकड्याची वाट पाहत बसत नाहीत.

प्लेटलेट्स वीस हजारांवर आल्या आहेत. लगेच द्यायला हव्यात ना?

डेंग्यूच्या साथीत हा प्रश्न दिवसाला पन्नास वेळा येतो. डेंग्यूत रक्तस्राव नसेल तर नुसत्या आकड्यासाठी प्लेटलेट्स देऊन फायदा होत नाही, हे चाचण्यांत दिसून आले आहे. दिलेल्या प्लेटलेट्सही त्या आजारात लवकर नष्ट होतात. त्या रुग्णाचा खरा धोका रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरण्यात असतो आणि उपचार योग्य प्रमाणात द्रव देण्यात. रक्ताचा कर्करोग किंवा केमोथेरपी यांत रक्तपेशी बनवणारी अस्थिमज्जाच काम करत नाही, तिथे १०,००० च्या खाली गेल्यावर रक्तस्राव नसतानाही प्लेटलेट्स देतात. आकडा सारखा दिसला तरी दोन आजारांत त्याचा अर्थ सारखा नसतो.

घरच्या माणसाचे ताजे रक्तच सर्वांत सुरक्षित, असे आम्हाला वाटते.

वाटणे स्वाभाविक आहे, पण वस्तुस्थिती बहुतांशी उलटी आहे. जवळच्या नातेवाइकाच्या पांढऱ्या पेशी रुग्णाच्या शरीराला 'आपल्याच' वाटतात. ते त्यांना हाकलत नाही आणि त्या पेशी मात्र रुग्णाच्या त्वचेवर, यकृतावर, अस्थिमज्जेवर हल्ला करतात. हा प्रकार क्वचित होतो, पण झाला तर बहुधा प्राणघातक ठरतो. म्हणून रक्ताच्या नात्यातले रक्त घ्यायचेच झाले तर त्यावर किरणांचा मारा करून त्या पेशी निष्क्रिय करतात. नवऱ्याचे रक्त बाळंतपणाच्या वयातल्या पत्नीला शक्यतो देत नाहीत, कारण त्याच्या प्रतिजनांविरुद्ध तिच्यात तयार होणारी प्रतिपिंडे पुढे गर्भाला नडू शकतात. आणि नातेवाइकावर दडपण असते. घरच्यांसमोर खासगी प्रश्नाचे खरे उत्तर देणे त्याला कठीण जाते. ताजेपणाबद्दल म्हणाल तर अगदी ताज्या आणि नेहमीच्या साठ्यातल्या रक्ताची तुलना करणाऱ्या, २०१५-१६ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचण्यांत ताज्या रक्ताने मृत्यू कमी झाल्याचे दिसले नाही.

थॅलेसेमियाच्या मुलांना इतके रक्त का लागते?

तीव्र थॅलेसेमियात हिमोग्लोबिनची एक साखळी नीट तयारच होत नाही, म्हणून दर दोन ते पाच आठवड्यांनी रक्त द्यावे लागते, आणि तेही आयुष्यभर. दात्याच्या शरीरातून जाणारे ते दोनशे मिलिग्रॅम लोह इथे उलट्या बाजूने दिसते : ते मुलाच्या शरीरात जमा होत राहते, त्याला बाहेर जायला वाट नसते आणि ते हृदयात, यकृतात साचते. लोह काढणारी औषधे चुकली तर रक्त वेळेवर मिळूनही मूल वाचत नाही. या मुलांसाठी केवळ ए, बी, ओ न पाहता आरएच आणि केल प्रणालीतले इतर प्रतिजनही जुळवलेले बरे.

दात्याचा स्वभाव किंवा रक्तगट रुग्णात येतो का?

नाही. परक्या तांबड्या पेशी जास्तीत जास्त चार महिने राहतात आणि जातात. अस्थिमज्जा प्रत्यारोपणानंतर मात्र रक्तगट खरोखर बदलू शकतो, कारण तेव्हा पेशी बनवणारा कारखानाच दुसऱ्याचा असतो.

कृत्रिम रक्त येणार, असे ऐकतो. मग रक्तदान लागणार नाही का?

२०२२ साली ब्रिटनमध्ये दात्याच्या मूळपेशींपासून प्रयोगशाळेत वाढवलेल्या तांबड्या पेशी पहिल्यांदाच दुसऱ्या माणसाच्या शरीरात सोडण्यात आल्या. मात्रा होती एक-दोन चमचे. निरोगी माणसाची अस्थिमज्जा दर सेकंदाला वीस लाखांहून अधिक तांबड्या पेशी बनवते. ती बरोबरी करायला अजून बराच अवकाश आहे.

नातेवाइकाला तातडीने रक्त हवे आहे. मी आत्ता रक्त दिले तर ते त्यालाच मिळेल का?

बहुधा नाही. आत्ता घेतलेली पिशवी तपासून, घटक वेगळे करून, वापरायला मोकळी होईपर्यंत कित्येक तास, कधी एक दिवस जातो. शस्त्रक्रियेच्या टेबलावर रक्तस्राव होत असलेल्या माणसाला जे रक्त मिळते ते कोणीतरी अनोळखी माणसाने गेल्या आठवड्यात, काही गडबड नसताना, येऊन दिलेले असते. तुमचे आजचे रक्त पुढच्या आठवड्यातल्या अशाच एखाद्या माणसासाठी असते. हे ऐकून काही जण नाराज होतात, पण शीतपेटीत आधीच ठेवलेली पिशवी नसेल तर रुग्णालयाच्या दारात शंभर दाते उभे राहूनही त्या तासात उपयोग नसतो.

मोठ्या दुर्घटनेनंतर हे फार ठळकपणे दिसते. एका दिवसात रांगा लागतात, पिशव्यांचा ढीग होतो, पाचव्या दिवशी न वापरलेल्या प्लेटलेट्स टाकून द्याव्या लागतात, आणि दोन महिन्यांनी सगळ्या दात्यांचा थांबण्याचा काळ एकदमच चालू असल्याने साठा रिकामा होतो. म्हणून तुम्ही फोन केल्यावर पलीकडून 'आज नको, तुमच्या गटाचा साठा पुरेसा आहे, तीन आठवड्यांनी या' असे उत्तर आले, तर तारीख लिहून ठेवा आणि त्या दिवशी या.